कौलावरची तांबडी गोधडी

वन्सं, परवा मी कोंडाण्याच्या लेण्यांत जाऊन आले. एकटीच. तुमचं तेरावं उरकलं, पाहुणे गाडीत बसवून दिले, मोठी पातेली घासून पालथी घातली आणि ह्यांना म्हटलं, मी उद्या लेण्यांत जाते. हे तुमचेच भाऊ. का, कशाला, काही विचारलं नाही. गाडी जुंपायला सांगितली तेवढी. 'गेलो तर दोघी जाऊ' असं आपलं ठरलं होतं, ते मी मोडलं. पण आधी मोडलं कुणी? निघून तुम्ही गेलात. तेव्हा रागवायचंच असेल तर निम्मं निम्मं वाटून घेऊ.

वाट कशी होती ते सांगणारच आहे, तुमचा नियमच होता तो. पण मनात जे सलतंय ते आधी बोलून टाकते. वरून आपलं घर दिसत नाही, वन्सं. कौल दिसत नाही, आणि कौलावर वाळत घातलेली तुमची तांबडी गोधडी तर नाहीच नाही. सकाळी निघताना मी ती मुद्दाम पसरून गेले होते. इतकी वर्षं जे जे खाली येऊन तुम्हाला 'दिसली हो आत्याबाई, स्पष्ट दिसली' म्हणाले, ते सगळे खोटं बोलले. आता माझ्या जिवाला एकच लागून राहिलंय. तुम्हाला हे कळलं होतं का? की तुम्ही तशाच फसून गेलात?

आपली खाणावळ ती केवढी! स्टेशनातून बाहेर पडलं की चिंचेखाली दोन खोल्या आणि पुढं ओटा. घाट चढायला गाडीला मागून इंजिन लावेपर्यंत उतारू खाली उतरायचे, चहा मागायचे, पुन्हा पळायचे. तेवढ्यावर आपलं बरं चाललं होतं. मग लढाई आली. मुंबईची माणसं बाँबच्या भीतीनं बिऱ्हाडं घेऊन इकडं आली. भीती ओसरली तशी परत गेली, पण जाताना डोंगरांची चटक घेऊन गेली. सुट्टी मिळाली की पाठीवर पिशव्या टाकून हजर. लेणी कुठं हो? पेठचा किल्ला कुठं? भीमाशंकरची वाट कुठून? स्टेशनात विचारलं तर गाड्यांच्या वेळा सांगत. बाजारात विचारलं तर चौघं चार दिशांना हात करत. मग विचारा आत्याबाईंना, असं होऊन बसलं.

आणि आत्याबाई कोण, तर जी कडावच्या पुढं कधी गेली नाही ती! कर्जत माहेर, कडाव सासर, कपाळ फुटल्यावर पुन्हा कर्जत, झाला तुमचा प्रवास. पण तुम्ही युक्ती काढलीत. डोंगरावरून परत आलेल्याला आधी वाट सांगायची, मग ताट. पाटावर बसलेला माणूस, समोर भाताची वाफ, आणि तुम्ही पळी हातात धरून उभ्या. 'पाणी कुठं लागलं? कुत्री हायत का वाटंत? देवळात कोण भेटलं?' भूक लागलेली माणसं भराभरा बोलायची. रेशनच्या तांदळाचे दिवस ते, कुणाची टाप होती नाही म्हणायची!

दुपारी गर्दी सरली की तुम्ही तांदूळ निवडत ते सगळं मला परत सांगायच्या. डोळे अर्धे मिटलेले, बोटं मात्र खडे काढतायत. लेण्यांवरून पाणी कसं पडतं आणि त्या पडद्याच्या आत उभं राहिलं की बाहेरचं जग कसं हिरवं आणि हलतं दिसतं. आतले खांब खालून झिजून गेलेत आणि वरच्या वर लोंबतायत. दगडाचं एक मोठं तोंड आहे, केसांसकट, आणि त्याला नाक नाही. मी ओट्याच्या खांबाला टेकून ऐकायची. ऐकता ऐकता डोळा लागायचा आणि झोपेतही तुमचा आवाज चालूच असायचा. कितीदा मला वाटलं की आपण जाऊन आलोय. जाग आली की समोर चिंच आणि तुमचं सूप.

सगळं खरं, वन्सं, पण तुमचं ते 'जवळच हाय'! त्यावरून आपली किती जुंपली असेल! कुणीही विचारो, लेणी असोत की भीमाशंकर, तुमचं ठरलेलं. 'ह्यो काय, डोंगरामागं. जवळच हाय.' मी घाटावरची, मला हे सोसायचं नाही. आमच्याकडं कोसाला कोस म्हणतात. मी सरळ सांगायची, बाई, ही तुमच्या पायातली सपात गावाच्या वेशीवर तुटेल, जाऊ नका. तुम्ही मला आत ओढायच्या. 'अगं इंदू, वाटंला लागलेल्या माणसाला लांब म्हणू नये. त्याचे पाय हितंच गळतात.' मी म्हणायची, आणि जवळ म्हटल्यावर तिथं जाऊन गळतात त्याचं काय? तुम्ही म्हणायच्या, 'तिथवर पोचतो तरी.' पुढं दोघींचा अबोला. चहाची वेळ झाली की तुम्हीच आधी बोलायच्या.

पाध्यांची आठवण आहे ना? ते कॅमेरेवाले, उंच, जरा वाकून चालणारे. पहिल्यांदा आले तेव्हा बरोबर दोन मित्र. तुम्ही सांगितलंत, जवळच हाय. तिघं दुपारचे गेले, परतताना वाट फुटते तिथं भलतीकडं वळले, डोंगर ओलांडून पार खालापूरच्या अंगाला उतरले. साजगावात एका घरानं त्यांना जेवू घातलं, ठेवून घेतलं म्हणून बरं. इकडं तुमच्या तोंडात पाण्याचा घोट नाही. दुसऱ्या दिवशी खोपोलीच्या गाडीनं आले, पाय सुजलेले, सदरे काट्यांनी फाटलेले. तुम्ही धावत पुढं गेलात आणि विचारलंत, 'वाट कशी होती रं बाळांनो?' आणि पाध्ये काय म्हणाले? 'छान होती, आत्याबाई. जवळच आहे.' मी कपाळाला हात लावला. तुमच्यासमोर माणसाला खरं बोलवायचंच नाही, दुसरं काय!

त्या वर्षी नवरात्र झाल्याबरोबर मी चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन निघाले. कोंडिवड्यापासून ठाकरवाडीच्या वरच्या आंब्यापर्यंत जिथं जिथं वाट फुटते तिथं दगडावर बाण काढले. आंब्याच्या पुढं एकच वाट, चुकायचं काम नाही. दर पावसात बाण धुऊन जायचे आणि दर वर्षी मी ते पुन्हा काढायची. पाट्या लावाव्यात असंही माझ्या मनात होतं, पण लाकडाच्या पाट्या चुलीत जातील हे तुमचं म्हणणं मला पटलं. तुमचं पटलेलं एवढं एकच.

आणि ती गोधडी. नवं लग्न झालेली एक पोर नवऱ्याबरोबर लेण्यांतून उतरून आली होती. तुम्ही तिला भात वाढता वाढता विचारलंत, 'वरनं आमचं घर दिसत असंल, नाय गं?' तुमचा चेहरा असा उजळलेला, ती बिचारी नाही कशी म्हणेल? 'हो, दिसलं की!' झालं. दुसऱ्या दिवसापासून तुमची तांबडी गोधडी कौलावर. ओळखायला सोपं पडावं म्हणून. आणि परत येणाऱ्या प्रत्येकाला, 'गोधडी दिसली का?' 'दिसली, दिसली.' ज्यांना खालून चिंचसुद्धा धड दिसत नव्हती अशा चष्मेवाल्या म्हाताऱ्यांनासुद्धा दिसली. तुम्ही दिवसभर गुणगुणत भाकऱ्या थापायच्या.

मग आपण गेलो. त्या थंडीत तुमचा दमा जरा बरा होता, म्हणून मीच हट्ट धरला. इतक्या लोकांना धाडलंत, आता स्वतः चला. तुम्ही नवं लुगडं नेसलात, केसांना तेल लावलंत. लग्नाला निघाल्यासारखी तुमची लगबग पाहून हे हसले. कोंडिवड्यापर्यंत गाडी, पुढं पायी. ऊन कोवळं होतं, ओढ्यावर धुकं बसलेलं, आणि तुम्ही हळू आवाजात मला पुढचं सांगत होतात, आता ओढा येईल, आता वाडी येईल. येतही होतं सगळं. फक्त तुमच्या गोष्टीत ते लगेच यायचं आणि इथं यायला फार वेळ लागत होता.

ठाकरवाडीत ती बुधी ठाकरीण अंगणात नाचणी पाखडत होती. तुम्ही विचारलंत, 'बाई, लेणी किती लांब?' ती सूप खाली न ठेवताच म्हणाली, 'ह्यो काय. जवळच हाय गं माय.'

मला तिथंच हसू फुटलं होतं, पण दाबलं. चाललो. चढ लागला. मोळी घेऊन एक जण उतरत होता, त्याला विचारलं. 'ह्यो काय, आलंच.' पुन्हा चढ. आंब्याखाली आलो आणि तुम्ही मट्कन बसलात. छातीचा भाता चाललेला. आणि एकाएकी हसायला लागलात. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसणं. 'अगं इंदू, मी किती जणांना असं चालवलंय गं! देवा रे!' तोवर मागून बुधी आलीच, डोक्यावर पाण्याची कळशी. तुम्ही इथं बसणार हे तिला ठाऊक होतं. तुम्ही दम धरत तिला विचारलंत, 'जवळ म्हणालीस ना गं?' ती म्हणाली, 'लांब म्हणले असते तर वाडीतच बसली असतीस. आता बघ, येवढी तरी आलीस.' तुम्ही माझ्याकडं अशा नजरेनं बघितलंत! जिंकलातच तुम्ही, घ्या.

पाणी पिऊन झाल्यावर तुम्ही पदरानं तोंड पुसलंत. कर्जतच्या बाजूला तोंड करून किती तरी वेळ बघत बसलात. 'आपलं घर कोणत्या अंगाला गं?' मी हात केला. मध्ये डोंगराची सोंड आडवी होती. वर गेल्यावर सोंड खाली पडत असेल, मग दिसत असेल, असं मी म्हटलं. तुम्ही नुसतं 'हं' केलंत. पुढं जायचा धीर ना तुमच्या छातीला होता, ना माझ्या मनाला. पुढच्या थंडीत येऊ, म्हणून आपण उतरलो.

त्या दिवसानंतर तुमचं सांगणं बदललं. मी त्याचं श्रेय तुम्हाला कधी तोंडावर दिलं नाही, आज देते. परत येणाऱ्याला तुम्ही 'किती लांब?' विचारायचं सोडलंत. 'पहिल्यांदा कुठं बसलात?' विचारायला लागलात. लांब की जवळ यात माणूस भिडेनं काहीही सांगतो, पण कुठं बसलो ते खरं सांगतो. मग जाणाऱ्याला तुम्ही तसंच सांगायच्या. लेकुरवाळ्या ओढ्याशी बसतात. उतारवयाच्या वाडीत बसतात. दमेकरी आंब्याखाली बसतात, तिथं बुधी पाणी ठेवते, तिला काही तरी देत जा. तरणे असाल तर थेट लेण्यांत बसा. माणसं आपापलं बघून ठरवायची, कुणी ओढ्यावरच शिदोरी सोडून मजेत परत यायची. आणि वर एक शेपूट जोडायच्या. 'बसाल तिथं एकदा मागं वळून बघा, आमची गोधडी दिसते का. परत आलात की सांगा.'

त्यानंतर कुणी चुकलं नाही, वन्सं. एकही माणूस खालापुरात उतरला नाही. माझ्या बाणांची ती करामत, असं मी बाजारभर सांगत सुटले होते.

पुढची थंडी आली, पण तुमची छाती काही ऐकेना. ती सरली आणि ही आली. शेवटच्या त्या दुपारी तुम्ही तापात बडबडत होता. मी कपाळावर पाण्याची घडी ठेवत होते. तुम्ही चालत होता, मला कळत होतं. 'ओढा आला. गार हाय पाणी. वाडी आली. आंबा आला.' मला वाटलं, इथं थांबाल. तुम्ही थांबला नाहीत. 'आता सरळ हाय गं,' म्हणालात. मग नुसता श्वास. बाहेर चिंचेची पानं गळत होती आणि मला खरंच वाटायला लागलं की घरात कुठं तरी पाणी पडतंय. उठून रांजण बघून आले. परत आले तर तुम्ही हसत होता. काय दिसलं तुम्हाला, ते नाही सांगितलंत.

मी बघून आले, आता ऐका. आंब्याच्या पुढं वाट झाडीतून जाते आणि सावली आहे, तुम्हाला त्रास झाला नसता. शेवटचा चढ वाईट आहे. खांब तुम्ही सांगितलेत तसेच लोंबतायत. ते तोंड आहे, नाक नाही. या दिवसांत पाणी नसतं, नुसती ओल असते आणि पाकोळ्यांचा वास. एवढी शांतता, की मी तुमच्याशी मोठ्यांदा बोलले आणि माझाच आवाज ऐकून दचकले. मग लेण्याच्या तोंडाशी आले, कपाळावर हात धरला आणि कर्जतच्या बाजूला बघितलं. झाडी, सोंड, पलीकडं धुरकट आभाळ. घर नाही, गाव नाही. मी तिथं बसून रडले, वन्सं. तुम्ही गेलात त्या दिवशी रडले नव्हते एवढी. तुमच्यासारख्या भोळ्या बाईला शेकडो माणसांनी तुमचाच भात खाऊन फसवलं, आणि मी, कोसाला कोस म्हणणारी, मला एकदा वर येऊन बघायचं सुचलं नाही.

आणि काल पाध्ये आले. त्यांना काहीच माहीत नव्हतं. सकाळीच परस्पर लेण्यांकडं गेले होते. उतरून आले, पाटावर बसले आणि आतल्या खोलीकडं तोंड करून ओरडले, 'आत्याबाई, दिसली हो गोधडी!'

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, ओरडू नका. गेल्या त्या. आणि गोधडी घडी करून पेटीत ठेवलीय, तेव्हा तुम्हाला दिसली कुठून? लाज नाही वाटत? म्हाताऱ्या बाईला इतकी वर्षं बनवलंत सगळ्यांनी!

पाध्यांनी हातातला पेला खाली ठेवला. मग म्हणाले, 'वहिनी, दिसली म्हणणं ही आमची दोघांची थट्टा होती. मी त्यांना खरं सांगितलं होतं. गेल्या साली, तुम्ही बाजारात गेला होता तेव्हा. म्हटलं, आत्याबाई, माफ करा, वरून काही दिसत नाही.'

'मग?' मी म्हटलं.

'हसल्या. म्हणाल्या, मला काय डोळे नायत? मी आंब्यापत्तोर जाऊन आलेय. येवढ्या लांबनं गाव दिसंना, गोधडी कुठली दिसतेय! पण माणूस बसला की पुढंच बघत बसतो. मागं वळून एकदा बघितलं की परतीची वाट डोळ्यांत राहते, मग तो चुकत नाय. नुसतं मागं बघा म्हटलं तर कोण बघतंय? आत्याबाईची गोधडी म्हटलं की बघतात.'

मी ताट वाढायचं विसरून तशीच उभी. मग तुम्ही दुसऱ्या कुणाला का नाही सांगितलंत, मला तरी का नाही सांगितलंत, असं मी त्यांनाच विचारलं, जणू ते तुम्हीच होता. पाध्ये ओशाळले. म्हणाले, 'तेही बोलल्या होत्या. आमच्या इंदूच्या कानावर घालू नका म्हणाल्या. तिला वाटतंय की तिच्या बाणांमुळं कुणी चुकत नाय. वाटू दे.'

बाण, वन्सं! दर वर्षी चुन्याची बादली घेऊन मी ऐटीत निघायची, आणि तुम्ही पहाटे उठून मला भाकरी बांधून द्यायच्या. दारापर्यंत येऊन वर बजावायच्यासुद्धा, 'जाड काढ गं इंदू, लांबनं दिसाय पायजेत.'